खड्डा चुकवण्याची सवय

मी रस्ते मोजणारी गाडी बोलतेय. राज्यातल्या शहराशहरांतून फिरायचं आणि कुठल्या रस्त्यावर किती हादरे बसतात ते पोटाखालच्या यंत्रांनी टिपायचं, हे माझं काम. जिथे हादरे जास्त, तो रस्ता आधी दुरुस्त होतो.

माझ्या चालकाचा माझ्यावर फार जीव. सकाळी आधी माझी काच पुसणार, मग स्वतःचा चष्मा. खड्डा लांबूनच हेरून तो मला अलगद वळवायचा. शेजारच्या सीटवरच्या इंजिनिअरबाई सांगायच्या, "दादा, सरळ घ्या हो. खड्डेच तर मोजायचेत." तो "हो मॅडम" म्हणायचा. बाईंची नजर पुन्हा संगणकाच्या पडद्यावर गेली, की याचे हात आपोआप वळायचे. मलाही ते लाड आवडायचे.

एकदा आम्ही हॉस्पिटलमागच्या गल्लीत शिरलो. एक काकू नवऱ्याची चाकांची खुर्ची ढकलत येत होत्या. त्या आमच्यासमोरच थांबल्या.

"गेल्या वर्षी हीच गाडी आली होती ना? मी गॅलरीतून पाहत होते. सगळे खड्डे चुकवत गेलात तुम्ही. मग पालिकेच्या ऑफिसात सांगतात, तुमचा रस्ता चांगला आहे."

चालक खाली उतरला. "काकू, गाडी जपावी लागते हो."

"जपा की. पण यांना तपासणीला न्यायचं, तर ही खुर्ची मी कुठून वळवू? परवा पडले ना हे." काकांच्या कपाळावर पट्टी होती. ते दुसरीकडे पाहत होते.

चालकाने काकांसकट खुर्ची उचलून कडेला ठेवली, परत येऊन बसला आणि स्टिअरिंग घट्ट धरून मला सरळ नेलं. एकही खड्डा सोडला नाही. शेवटच्या खड्ड्यात माझा एक्सल मोडला. फार दुखलं. इंजिनिअरबाई पडद्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "आलं सगळं."

आता मी आवारात भिंतीला टेकून उभी आहे. दुरुस्ती परवडत नाही म्हणे, लवकरच भंगारात जाईन. काल चालक आला होता. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "गल्ली दुरुस्त झाली गं. काकू एका हाताने खुर्ची ढकलतात, दुसऱ्या हाताने काकांवर छत्री धरतात." मला फार बरं वाटलं.

माझ्या जागी नवी गाडी आली आहे. चकचकीत आहे, चालकही तोच. त्याला माझं एवढंच सांगणं आहे, बाबा रे, हिला जपू नकोस.