पाटीवर ‘ओढा’ लिहिलं होतं

आमच्या गावात येऊन वाल्दोमीरो कुठे राहतो विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. ‘मुका’ म्हणालात की लगेच घर दाखवतील. माझे वडील मुके नाहीत. चांगले बोलतात, शिव्या तर अस्सल देतात. मुका पडला होता तो छावणीतला वायरलेसचा ट्रक, आणि तो पप्पांच्या हातून.

तेव्हा ते कोवळे शिपाई होते. सराव चालू होता, कर्नलसाहेब समोर उभे, संदेश पाठवायचा होता, आणि ऐन वेळी संचाचं बटण दांडीसकट उपटून पप्पांच्या हातात आलं. ट्रक त्यानंतर कधी बोलला नाही. पप्पांना वायरलेसमधून काढलं आणि घोड्यांच्या पागेत पाठवलं.

हा किस्सा गावभर केला सेउ आनिबालनं, म्हणजे आनिबालरावांनी. तो छावणीत पप्पांच्या वरचा कॉर्पोरल होता, पुढे औषधांचं दुकान काढलं, आणि आता आमच्या जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसला की हातवारे करून सांगणार, “आमच्या मुक्यानं अस्सं ओढलं, अस्सं ओढलं!” पप्पा त्या रस्त्यानं जातच नाहीत. भाजी आणायलासुद्धा लांबून वळसा घालतात. माझ्या लहानपणापासून मी तो वळसा बघतेय आणि माझं डोकं फिरतं.

म्हणून तोच ट्रक क्लबाला मिळाला तेव्हा मी सांगून टाकलं, विजेचं काम माझं, कोणी मध्ये तडमडायचं नाही. गाड्यांच्या वायरिंगचं माझं स्वतःचं गॅरेज आहे. एका कॉफीच्या मळ्यावर हा ट्रक पडून होता, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. अमेरिकन शेव्रोले. मागच्या बंद डब्यात संदेश हवेत सोडणारा कपाटाएवढा प्रक्षेपक, त्याच्या शेजारी ऐकायचे दोन संच, आणि मागं जनरेटरची वेगळी गाडी. क्लबातल्या लोकांनी पत्रा ठोकला, रंग काढला, सुताराकडून आतली बाकडी करून घेतली. मी एकेक वायर बदलली. व्हॉल्व्ह साओ पाउलोहून मागवले. कंडेन्सर फुगून मेले होते, त्यांच्या जुन्या डब्यांत नवे बसवले, म्हणजे बाहेरून सगळं तसंच दिसावं. उपटलेल्या बटणाची दांडी मी लेथवर नवी करून घेतली. पाटीवर ‘पूशी’ लिहिलेलं होतं, म्हणजे आमच्या पोर्तुगीज भाषेत ‘ओढा’. म्हणून दांडीला छान पकड येईल अशी गोल मूठ लावली.

आणि सगळं होऊनही तो मेला ढिम्म. दिवे लागायचे, व्हॉल्व्ह तापायचे, पण हवेत काही जायचं नाही. मी मूठ ओढून ओढून हाताला घट्टे पाडून घेतले.

“जांदीरा, पुरे आता,” सेउ आनिबाल म्हणाला. “सात सप्टेंबरला स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात गाडी नुसती मिरवू. ते कपाट काढून टाक, आत मोठा स्पीकर बसवू. गाणी वाजतील, लोक खूश.”

“तो प्रक्षेपक काढायचा?”

“अगं, तुझ्या बापानं त्याचा केव्हाच जीव घेतलाय. मढं कशाला सजवतेस?”

मी हातातला पाना टेबलावर आपटला. “हात तर लावून बघू दे कोणी.”

प्रक्षेपक निघाला की पप्पांवरचा डाग कायमचाच राहणार होता, हे मला लख्ख दिसत होतं.

मग करायला काही उरलं नाही म्हणून मी त्याचं तोंड तरी स्वच्छ करायला घेतलं. सगळ्या पाट्यांवर पांढऱ्या रंगानं आमच्या भाषेतली अक्षरं होती. सेउ आनिबालला त्यांचा फार अभिमान. छावणीत इंग्रजी कळणारा मीच एकटा, हे भाषांतर माझंच, हे तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. बटणाच्या पाटीवर मी थिनरचा बोळा फिरवला. ‘पूशी’ पुसट झालं आणि खालून पितळेत कोरलेली मूळ अक्षरं वर आली. इंग्रजीत. ‘पुश’.

आणि मग माझी ट्यूब पेटली.

आमच्याकडे दुकानाच्या काचेच्या दारावर इंग्रजी ‘पुश’ दिसलं की अर्धा गाव दार आपल्याकडे ओढतो आणि कपाळ आपटून घेतो. आमच्या कानाला ‘पूशी’ आणि ‘पुश’ सख्खे भाऊ. पण इंग्रजीत ‘पुश’ म्हणजे ढकला, दाबा. म्हणजे गंमत बघा, उलटंच. विजेचा जास्त ताण आला की संच आपणहून बंद होतो, आणि ते बटण दाबलं तरच परत चालू होतो. सरावात तो तसाच बंद पडला असणार, आणि पाटी वाचून ते बटण ओढत राहिलं तर दुसरं काय होणार? दांडी हातात येणार.

मी मूठ काढली, स्क्रू ड्रायव्हर आत घातला आणि दाबला. टक. मीटरचा काटा उठून उभा राहिला. मी लहान मुलीसारखी रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

पप्पांना हाताला धरून आणलं. ते ट्रकपाशी थबकले, मग आत चढले. पाटीचा अर्थ मी सांगितला, तसा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

“मला इंग्रजी येत नव्हतं,” ते म्हणाले. मग, “आनिबाललाही येत नव्हतं की.” आणि पोट धरून हसायला लागले. मला काही हसू येईना.

सेउ आनिबालला बोलावून पाटी दाखवली. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“या वयात हे चव्हाट्यावर कशाला, पोरी? आपल्यातच राहू दे.”

“चव्हाट्यावर तुम्हीच नेलं होतंत ना? आता जाऊन परत आणा.”

“जांदीरा, बस,” पप्पा म्हणाले. “त्याला नाक घासायला लावू नकोस. मला फक्त त्या दिवशी या संचापुढं बसायचंय.”

सेउ आनिबाल निघून गेला.

सात सप्टेंबरला ट्रक चौकात आला. सगळा गाव लोटला होता, बँड होता, शाळेची पोरं होती. देशभरच्या हौशी रेडिओवाल्यांना क्लबानं आधीच कळवलं होतं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून संचापुढं बसले. माईक मात्र अध्यक्ष म्हणून सेउ आनिबालच्या हातात. येणारा-जाणारा सगळा आवाज बाहेरच्या कर्ण्यावर सोडलेला, म्हणजे चौकभर ऐकू जावं.

त्यानं हाक दिली. खरखर झाली, आणि पार रेसीफेहून कोणी बाई बोलली, “ऐकतेय, छान ऐकू येतंय. संचावर कोण बसलंय? नाव सांगा.”

नेहमीचाच प्रश्न. प्रत्येक रेडिओवाला आधी तेच विचारतो. सेउ आनिबालनं माईक तोंडाशी धरला आणि पप्पांकडे बघितलं. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, आता हा पठ्ठ्या स्वतःचं नाव सांगणार.

“संचावर शिपाई वाल्दोमीरो आहे,” तो म्हणाला. “हा संच त्यानं बिघडवला असं मी जन्मभर सांगत आलो. पाटी मी चुकीची लिहिली होती. चूक माझी, शिक्षा त्यानं भोगली. ओव्हर.”

चौकातला बँड थांबला. रेसीफेच्या त्या बाईला यातलं काय कळणार? ती आपली म्हणाली, “बाकी सगळं आलं, नाव तेवढं तुटलं. एकेक अक्षर सांगता का?”

सेउ आनिबालनं माईक पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी घसा साफ केला आणि एकेक अक्षर सांगायला लागले, सावकाश, प्रत्येकानंतर थांबत. पहिल्या तीनचार अक्षरांना त्यांचा आवाज कापत होता. मग कापायचा थांबला.

“वाल्दोमीरो,” बाई म्हणाली. “अगदी खणखणीत.”

तिच्यामागून मानाउसचा माणूस आला, मग पोर्तो आलेग्रेचा, मग रांगच लागली. पप्पा माईक सोडेनात. प्रत्येकाला नाव सांगत होते, आडनावासकट, आणि चौकातले लोक उन्हात उभे राहून ऐकत होते. बँडवाल्यांनी संचलन पुढं न्यायचं का म्हणून विचारलं, तर सेउ आनिबालच त्यांच्यावर खेकसला, “थांबा की जरा. वाल्दोमीरो बोलतोय.”

मी मागं जनरेटरपाशी उभी होते. माझी छाती अशी भरून आली होती की विचारू नका. टाकीत पेट्रोल कमी होत आलं होतं, म्हणून मी कॅन उचलला आणि ओतत राहिले.