उन्हाळ्यानंतरचे दिवस

शू-यिंगच्या आईचं नाव छ्यू-लान. त्यातलं 'छ्यू' म्हणजे शरद ऋतू. जाताना म्हातारीने एवढंच मागितलं होतं, की माझ्या थडग्याच्या दगडावर नाव लेकीच्या हातचं असू दे. लेकीला तोवर अक्षराची ओळखही नव्हती. म्हणून ती शाओशिंगच्या कालव्याकाठी राहणाऱ्या त्सोउ गुरुजींकडे शाई उगाळायला बसली, आणि गुरुजींचा कुंचला वळेल तसा आपला वळवत गेली.

पितरांच्या थडग्यांची झाडलोट करायचा सण तोंडावर आला, तेव्हा तिने आपला कागद धाकट्या भावापुढे, दहाईपुढे ठेवला. दहाईने तो दिव्याशी धरून पाहिला.

"ताई, आईला लंगडी का केलीस?"

"काय म्हणतोस?"

"'छ्यू'चा उजवा पाय कुठंय? शेवटची तिरकी रेघच नाही. लोक म्हणतील, पोरांनी आईचं नावसुद्धा अर्ध्यात उरकलं. मी आणतो बाजारातल्या लेखनिकाकडून."

"दोन दिवस थांब रे."

शू-यिंग गोंधळली. गुरुजींनी हे अक्षर प्रत्येक वेळी असंच काढून दिलं होतं. गुरुजी चुकले म्हणावं तर जीभ रेटेना, भाऊ चुकला म्हणावं तर कापडवाल्याच्या पाटीवरच्या 'छ्यू'ला दोन्ही पाय धडधाकट. तिने घरीच एक पाय जोडून पाहिला. अक्षर उसन्या काठीवर टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं कललं.

दुसऱ्या दिवशी तिने भीत भीत विचारलं, "गुरुजी, त्या 'छ्यू'ला खाली एक रेघ..."

गुरुजींनी कुंचला ठेवला आणि ते उठून अंगणात गेले. रागावलेले दिसले नाहीत, पण परतही येईनात.

बांबूचे कोंब सोलत बसलेल्या गुरुमाईंनी तिला जवळ ओढलं. "अगं, ते माझ्या सासऱ्यांचं नाव. ह्यांनी बापाचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही, मग हाताने तरी पुरतं कसं घेतील? शेवटची रेघ त्यांच्या पायाशी ठेवल्यागत सोडून देतात. आमच्या घरात तो ऋतूच येत नाही बाई. 'उन्हाळ्यानंतरचे दिवस' येतात."

शू-यिंग जास्तच गुरफटली. असं प्रेम बघून हात आपसूक जोडले जात होते. पण मग तिच्या आईचं काय? एकाच्या भक्तीपायी दुसरीने जन्मभर, नव्हे मेल्यावरही, लंगडत राहायचं? आणि पाय जोडून मागावा तर गुरूच्या तोंडावर त्याच्या बापाचं नाव घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी नेहमीचं बिनपायाचं अक्षर काढलं. त्यावर एक झिरझिरीत कागद पसरला आणि त्या वरच्या कागदावर एकच रेघ ओढली. हळू उतरत गेलेली, शेवटी दाबलेली, मग अलगद उचललेली. वरचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला, खालचा शेजारीच राहू दिला.

"हे गिरव."

"गुरुजी, हे कुठलं अक्षर?"

"कुठलंच नाही."

दुपार कलली तरी ती तेच गिरवत होती. शिक्षा असावी, असं तिला वाटू लागलं.

"काय गं, कोंबडी नाचवलीस का कागदावर?" गुरुमाई जाता जाता म्हणाल्या.

गुरुजी उठले. "शाई वाळेपर्यंत कुंड्यांना पाणी घालून येतो."

बाहेर केव्हापासून भुरभुर पाऊस पडत होता.

शू-यिंग त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. भर पावसात कोण पाणी घालतं? मग तिची नजर पुढ्यातल्या त्या दोन कागदांवर आली. तिने एकावर एक ठेवला. 'छ्यू' ताठ उभा राहिला.

तिने कोरा कागद घेतला, आईला नमस्कार केला आणि तिचं नाव लिहिलं. सगळं.

"झालं का?" अंगणातून आवाज आला. पाठ अजून तशीच होती.

"झालं, गुरुजी. घडी घातली."

गुरुजी आत आले. खांदे निथळत होते, हातातली झारी भरलेलीच होती.