डबा न वाचणाऱ्या हातातली रायफल

मी एक जुनी शिकारी रायफल आहे, आणि मित्रांनो, मला कोणाची कीव नको. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातील डोनल नावाच्या शेतकऱ्याने मला अडतीस वर्षे वापरले. त्याच्या कोवळ्या रोपांवर हरणे तुटून पडत, म्हणून माझी गरज. तो नेहमी एकाच वजनाच्या गोळ्यांची काडतुसे आणी. काडतुसांचा डबा बदलावाच लागला, तर आधी कागदी निशाणावर तीन गोळ्या झाडून माझ्यावरची दुर्बीण जुळवी. मगच रानात पाऊल टाकी.

पुढे त्याचे गुडघे गेले. रीतसर परवाना काढून जवळच्या कासलबार गावच्या इस्पितळातील डॉक्टर रणजितने मला घेतले.

त्याच सुमारास बाजारात एक नवे काडतूस मिरवू लागले. खांद्याला दणका कमी, वाऱ्यात ढळणे कमी, एवढे मान्य. मात्र दोनशे पावलांवर चरणाऱ्या हरणाला या कौतुकाचे काय? शिकारी भुलले, आणि दुकानदाराने फळीवरची माझ्या काडतुसांची जागा त्या नवख्याला दिली. कोणी मागत नाही म्हणून तो ठेवत नाही, आणि तो ठेवत नाही म्हणून कोणी मागत नाही. याला हे शहाणे लोक प्रगती म्हणतात.

रणजितला माझ्यासाठी एकच डबा मिळाला, नेहमीपेक्षा जड गोळ्यांचा. त्याने तो वाचलाही नाही. डोनलच्या रानात त्याने नेम धरला. गोळी खाली गेली आणि हरिणीचा पाय मोडला. तिला शोधून तिच्या यातना संपवायला दोन तास लागले.

“काडतूसच आउटडेटेड आहे,” डोनलच्या अंगणात येऊन तो म्हणाला. “नवीन रायफलच्या परवान्यासाठी अर्ज दिलाय मी.”

डोनलने मला उचलले आणि कागदावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही छिद्रे एका नाण्याखाली झाकली जातील अशी, पण नेमापेक्षा चार बोटे खाली.

“रायफल ग्रँड, एकदम ठणठणीत आहे, डॉक्टर. डबा वाचलास का?”

रणजितसोबत आलेली त्याची बायको वीणा चहाचा मग धरून उभी होती. “अरे, पेशंटचं औषध बदललं की डोस तपासतोस ना?”

“अगं, ते वेगळं.”

“हरिणीला सांग, वेगळं कसं ते.”

रणजितने मान खाली घातली. अर्ज मात्र मागे घेतला नाही. चूक पत्करण्यापेक्षा मला टाकणे त्याला सोपे वाटले.

आता मी त्याच दुकानाच्या मांडणीत विक्रीला उभी आहे. परवा तो नव्या रायफलीसाठी काडतुसे घ्यायला आला. त्याच्या नेहमीच्या वजनाच्या गोळ्यांची संपली होती.

“मग दुसरी द्या, चालतील,” तो म्हणाला, आणि डबा न वाचताच खिशात घातला.

मित्रांनो, हत्यार जुने असो वा नवे, डबा बदलला की आधी कागदावर तपासा. कागदाला पाय नसतात.