सांभाराची जुडी

नकलाकार भगवंतराव जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता कुण्या शहाण्यांनी त्याच्या आयुष्यावर टीव्हीसाठी सिनेमा काढला. रविवारी दुपारी तो लागला तेव्हा अमरावतीत उत्तमरावांच्या घरी अर्धी गल्ली गोळा झाली होती. भगवंताच्या नकलेत सव्वीस वर्षं भाजीवाला उत्तमरावच व्हायचे, म्हणून मानाची खुर्ची त्यांची.

पहिल्याच दृश्यात पडद्यावरचा भगवंत म्हणाला, "आई, मले भूक लागून राहून राहिली."

"एका वाक्यात किती राहते बावा हा!" शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "भाड्यानं राह्यला का?"

हशा ओसरेना. भगवंत भूमापन कचेरीत कारकून; इस्त्रीच्या पँटशिवाय तो कधी उंबऱ्याबाहेर पडला नाही. सिनेमावाल्यांनी त्याला मळकी बंडी घालून बैलाशी बोलायला लावलं. वऱ्हाडातला माणूस, तो बैलाशी नाही तर कोणाशी बोलणार! अकोल्याहून भगवंताची मुलगी रागिणी दर पाच मिनिटांनी नकलेच्या मंडळाच्या ग्रुपवर लिहीत होती आणि उत्तमरावांचा पुतण्या नितेश ते मोठ्यानं वाचत होता. "बंडी खोटी. बैल खोटा. आमच्याकडे कुत्रंही नव्हतं."

उत्तमराव सगळ्यांत जास्त नावं ठेवत होते आणि सगळ्यांत जास्त घाबरलेही होते. कारण या सिनेमातली एक थाप त्यांची स्वतःची होती.

झालं होतं असं, की टीव्हीवरच्या स्पर्धेला भगवंत दुसराच भाजीवाला घेऊन गेला, दिसायला बरा. उत्तमरावांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. पुढं भगवंत अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस पडून होता. अमरावतीहून अकोला दोन तासांचं. उत्तमराव गेले नाहीत. आधी त्यानं बोलवावं, हा हट्ट. बाराव्या दिवशी बोलवणारा उरला नाही. मग गेल्या वर्षी सिनेमा लिहिणारी मुलगी घरी आली, तिनं विचारलं, "शेवटची भेट कशी झाली?" आणि उत्तमरावांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "सांभाराची जुडी घेऊन गेलो. म्हटलं, घे, आज फुकट. तो हसला."

भगवंताची गाजलेली नक्कलच ती होती. गिऱ्हाईक एक वांगं घेतं आणि वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मागतं. भाजीवाला देत नाही. वीस मिनिटं नुसतं तेवढंच, आणि चांदूर बाजारची माणसं हसून हसून खाली बसायची.

पडद्यावर दवाखाना आला. उत्तमरावांचं काम करणारा गोरागोमटा नट आत शिरला, डोळे पुसले, हातातला डबा उघडला. डब्यात वाफाळता सांबार. सोबत दोन इडल्या.

खोलीत क्षणभर कोणाला काही कळेना. मग मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, याइनं सांभाराचा सांबार केला! लेकाइले कोथिंबीर नाई माहीत!"

नितेश जमिनीवर लोळत होता. "मरनाऱ्या मानसाले इडली चारून राहिले! काका, तुमी मद्रासी कवा झाले?"

सगळे हसले, पण उत्तमरावांना हसू येईना. आपली थाप निदान सुबक होती, या गाढवांनी तिचंही वाटोळं केलं, असा एक राग त्यांना आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

"खरं सांगा, उत्तमभाऊ," मनकर्णाबाईंनी विचारलं, "जुडीच नेली होती ना तुमी?"

"जुडीच," उत्तमराव म्हणाले.

"पाहा! तेवढं एक खरं होतं, तेबी नासवलं."

नितेश फोनकडे पाहत होता. रागिणीनं या दृश्यावर काहीच लिहिलं नव्हतं. अकरा दिवस ती बापाच्या खाटेपाशी होती. खरं-खोटं तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तेवढ्यात उत्तमरावांचाच फोन वाजला. नाव पाहून ते अंगणात गेले.

"काका," रागिणी म्हणाली, "त्या सिनेमावाल्या पोरीनं मलेबी इचारलं होतं, उत्तमराव आले होते का म्हनून. म्या हो म्हटलं."

"काहून?" उत्तमरावांनी विचारलं.

"बाबा शेवटी कोनाले ओळखत नव्हते. बाजूच्या खाटेवर बाळापूरचा एक म्हातारा होता. बाबा त्यालेच उत्तम म्हनत. हाक मारली का तो बिचारा ओ देये. रात्रंदिवस त्याच्याशीच बोलत, तुमी समजून. मंग म्या नाई कसं म्हनू?"

उत्तमराव भिंतीला टेकले. सव्वीस वर्षांची त्यांची जागा त्या परक्या म्हाताऱ्यानं न सांगता सांभाळली होती, आणि आपण इथं गाल फुगवून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय बोलत होता तो?" त्यांनी विचारलं.

"माफी मागत होते, काका."

"अन् म्हातारा?"

"तो म्हने, जाऊ दे गा, मी रागावलो नाई."

आतून मनकर्णाबाईंनी हाक मारली, "उत्तमभाऊ, रागिणी काय म्हन्ते?"

उत्तमरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आवाज चढवला. "म्हन्ते, फालतू सिनेमा. एकबी मानूस खरा नाई दाखवला."