बिनआरशाची गाडी

माझ्याकडे एक चॉपर मोटरसायकल आहे, आणि ती आजवर जेवढी फिरली त्यातला बहुतेक प्रवास तिने नरसिम्लूच्या ट्रॉलीत उभ्याने केला आहे. ट्रॉली म्हणजे मागे उघडा हौदा असलेला छोटा टेम्पो. आमच्या हैदराबादेत कपाटं, सिमेंट आणि लग्नाच्या खुर्च्या त्यातूनच जातात. हे फक्त तिघांना ठाऊक होतं: मला, नरसिम्लूला आणि माझ्या बायकोला, रश्मीला. चौथीला कळू नये म्हणून मी फार मेहनत घेतली. ती चौथी म्हणजे आमची मुलगी केतकी.

नल्लकुंट्यातलं आमचं घराणं वकिलांचं आणि मास्तरांचं. आमच्याकडचे पुरुष स्कूटर चालवतात, तीही चपला घालून आणि दोन पायांच्या मधे भाजीची पिशवी ठेवून. मीही तशीच चालवली. मग पन्नाशी उलटल्यावर कचेरीत बढती मिळाली आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. लोक अशा वेळी सत्यनारायण घालतात. मी एक जुनी बुलेट घेतली आणि राणीगंजच्या जब्बारभाईकडे कापायला दिली.

जब्बारभाईने एकच विचारलं, "साब, चलाना है के दिखाना है?"

"दोनों," मी म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि दाखवायची गाडी बनवली.

दाखवायला ती खरोखरच अशी आहे की माणसाने रस्त्यात थांबावं. पुढचं चाक इतकं लांब की मी आमच्या फाटकात असतो तेव्हा ते शेजारच्या केशवरावांच्या फाटकात पोचलेलं असतं. हँडल इतकं उंच की ते धरलं की मी पोलिसांना शरण आलोय असं वाटतं. पाय पुढे पसरलेले, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे. मागचे शॉकअप काढले, कारण त्यांच्यामुळे गाडीची रेषा बिघडत होती. आरसे काढले, कारण त्यांच्यामुळेही रेषा बिघडत होती. मागची सीट उडवून तिथे देवाच्या आसनाएवढी गादी बसवली. त्या गादीवर रश्मी एकदाच बसली, बरकतपुऱ्यापर्यंत, आणि भाजी घेऊन ऑटोने परत आली.

"कुणाची रेषा बिघडली ते मला विचारा," असं म्हणून ती कंबर शेकत बसली.

चालवायचं म्हटलं तर यू-टर्नला मला मैदान लागतं, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला येऊन भेटतो. आमचा एक क्लब आहे. रविवारी सकाळी शामीरपेटच्या तलावाशी जमायचं, इडली खायची आणि एकमेकांच्या गाड्यांची तारीफ करायची. पहिल्याच रविवारी अर्ध्या वाटेत माझे हात खांद्यापासून नाहीसे झाले. रिकामी ट्रॉली घेऊन जाणारा नरसिम्लू थांबला, आणि आमचं जमलं. तेव्हापासून दर रविवारी गल्लीच्या टोकाला चॉपर ट्रॉलीत चढते, ताडपत्रीखाली दडून जाते, शामीरपेटच्या अलीकडे एका गोदामामागे उतरते. तिथे मी काळा गॉगल लावतो आणि नाक वर करून तलावाशी दाखल होतो.

तिथला एक फोटो केतकीच्या मोबाइलवर होता. ती तो मैत्रिणींना दाखवायची. "माझे बाबा रायडर आहेत," म्हणायची. माझे बाबा सेक्शन ऑफिसर आहेत, असं ती कधी कुणाला म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पोरीने आपल्याविषयी बढाई मारावी, हे सुख मला त्या फोटोने पहिल्यांदा दिलं, आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

मग तिला पुण्यात नोकरी लागली. आमचं कुलदैवत नरसिंह. घरातलं कुणी लांब निघालं की आधी यादगिरीगुट्ट्याला जाऊन दर्शन घ्यायचं, हा शिरस्ता. आजवर सगळे कारमधून गेले.

"बाबा, ह्या वेळी आपण दोघंच," केतकी म्हणाली. "तुम्ही चॉपरवर, मी स्कूटीवर. मी जायच्या आधी तुमच्यासोबत एक राइड तो बनती है."

"ऊन फार आहे गं."

"लाइट घ्या हो. तुम्ही तर दर संडेला जाता."

"जा की," रश्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर रविवारी जाता." हे बोलताना तिचा आवाज इतका सरळ होता की मला तिचा राग आला.

मी गच्चीवर जाऊन नरसिम्लूला फोन लावला. तो म्हणाला, "साब, बिटिया बाजूमें रहिंगे तो गाडी चढाना कैसा?" नरसिम्लू म्हणजे नरसिंहच; नाव देवाचं, पण त्याच देवाच्या दारी न्यायला ह्या नरसिम्लूचा काही उपयोग नव्हता.

निघालो. उप्पलपर्यंत मी रायडर होतो. मेट्रोच्या खांबांखालून जाताना लोक वळून बघत होते, केतकी पुढून अंगठा दाखवत होती. घटकेसरला बोटं गेली. त्यानंतर केतकी पुढे जायची, थांबायची, मला येऊ द्यायची आणि परत पुढे जायची. बीबीनगरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी मी गाडी थांबवली, किंवा गाडीने मला थांबवलं.

"बाबा, उतरा ना."

"उतरतोय."

"कधी?"

ती जवळ आली आणि हँडलवरची माझी बोटं एकेक करून सोडवायला लागली. लहानपणी झोपलेल्या केतकीच्या मुठीतून मी माझा शर्ट असाच सोडवायचो. मला एकदम कसंतरी झालं आणि मी तिला ट्रॉलीचं सगळं सांगून टाकलं. ताडपत्रीसकट.

ती हसेल अशी माझी तयारी होती. ती हसली नाही.

"म्हणजे शामीरपेटचा फोटो..."

"फोटो खरा आहे. शेवटचा थोडा रस्ता मीच चालवतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू सगळ्यांना दाखवायचीस ना."

तिने चहा संपवला, चॉपरकडे बघितलं आणि हात पुढे केला. "चावी द्या. मला पण कळू दे काय आहे ते."

मी म्हणालो, ही गाडी जड आहे, वळत नाही, तुझ्यासाठी नाही. "तुमच्यासाठी तरी कुठे आहे," म्हणून ती वर बसली. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली.

मी तिच्या पिस्त्याच्या रंगाच्या स्कूटीवर बसलो. आता खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता. पाठ ताठ, पाय जवळ, हात जिथे देवाने लावलेत तिथे. चॉपर घेतल्यापासूनच्या दोन वर्षांत मी इतका सुखी नव्हतो, आणि त्याची मला लाजही वाटली.

मग मी समोर बघितलं.

माझी चॉपर चालताना मी कधी बघितलीच नव्हती. बघणार कसा? मी तिच्यावर बसलेला असायचो, नाहीतर ती ताडपत्रीखाली असायची. ऊन त्या लांब दांड्यांवरून घरंगळत होतं, बसचा कंडक्टर दारातून वाकून बघत होता, आणि उंच हँडल धरलेली माझी पोरगी ताठ मानेने लांब लांब चालली होती. गाडी फार सुंदर होती. केतकी त्याहून. शनिवारी ती जाणार हे मला महिनाभर माहीत होतं, पण कळलं ते त्या रस्त्यावर.

मी हॉर्न वाजवला. चॉपरच्या आवाजात स्कूटीचा हॉर्न कोण ऐकतो? मी हात हलवला. तिने मागे बघितलं नाही. ती बघूच शकत नव्हती; आरसे मीच काढले होते.

गुट्ट्याच्या पायथ्याशी ती गाडी लावून उभी होती. डोळे लाल होते. धुळीने असतील, मी विचारलं नाही.

"मागे तुम्ही आहात की नाही, काहीच कळत नव्हतं," ती म्हणाली. "मान वळवली की गाडी भलतीकडेच जाते. मी घाबरले, बाबा. आरसा का नाही हो हिला?"

"रेषा बिघडते," मी म्हणालो. हे उत्तर मी शेकडो लोकांना तोऱ्यात दिलं होतं. तिच्यासमोर ते ऐकताना मला माझाच संताप आला.

दर्शन झालं. परतीसाठी नरसिम्लूला तिनेच फोन केला, आणि चॉपर भर दुपारी ताडपत्रीशिवाय घरी आली. केशवरावांनी फाटकातून बघितलं. बघू दे.

शनिवारी केतकीचं सामान सिकंदराबाद स्टेशनला न्यायलाही नरसिम्लूच आला. रश्मी ऑटोने पुढे गेली. केतकी ट्रॉलीत नरसिम्लूशेजारी बसली. मी चॉपर काढली. तिला एक राइड हवी होती आणि त्यातली अर्धी व्हायची राहिली होती.

तर ट्रॉली पुढे, आणि तिच्यामागे, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या चाकांवर चॉपर. विद्यानगरला हात दुखायला लागले, तारनाक्याला बधिर झाले. ट्रॉलीच्या डाव्या आरशात केतकीचा चेहरा होता आणि ती माझ्यावरची नजर काढत नव्हती. तारनाका ओलांडल्यावर तिने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

त्या हँडलवरचा एक हातही सोडता येत नाही. जब्बारभाईने बजावलं होतं. मी सोडला. पुढचं चाक दुभाजकाकडे निघालं, मागच्या बसवाल्याने तेलुगूत माझ्या बापाचा उद्धार केला, आणि मी कशीबशी गाडी सरळ केली. आरशात केतकी कपाळाला हात लावून हसत होती.

मी पुन्हा हात सोडला.