चिनहटला भेटलेला ‘आपला माणूस’

मित्रांनो, लखनऊच्या जानकीपुरमात एका घराच्या फाटकाशी जी जुनी मोपेड उभी असते, ती मीच. माझा जन्म महाराष्ट्रातला. बँकेत अधिकारी असलेल्या चित्राताईंची बदली झाली, तेव्हा संसाराच्या सामानाबरोबर मीही रेल्वेने उत्तरेस आले. तरुणपणी माझी पुष्कळ स्तुती झाली. पुढे अंगावर धूळ साचली. मग ताईंची कन्या अश्लेषा सोळा वर्षांची झाली. तिने स्वहस्ते मला पुसले, दर रविवारी माझा प्लग साफ केला, आणि मला पुन्हा यौवन लाभले.

परमुलखात मराठी शब्द कानी पडला की चित्राताईंना माहेर भेटल्यासारखे वाटे. त्या लगेच गाव विचारीत, कुलदैवत विचारीत आणि त्या माणसास घरी चहाला आणीत. मराठी बोलेल तो आपला, हे लेकीच्याही मनावर ठसले होते.

अश्लेषाचा कंठ मधुर. फोनवर कुणी ‘संकेतदादा’ तिला शुद्ध मराठीत लिहू लागला: तुझे गाणे ध्वनिमुद्रित करू, मुंबईस ऐकवू, घरी मात्र इतक्यात सांगू नकोस. एका दुपारी त्याने शहराच्या कडेला चिनहटला बोलावले, तशी शिकवणीचे निमित्त करून ती निघाली. ती गात होती आणि मी वाऱ्यासारखी धावत होते.

चिनहटच्या कारखान्यांमागे, निर्जन रस्त्यावर काळी मोटार उभी होती.

“स्टुडिओ आगे है. ये खटारा यहीं छोड़ दो,” आतल्या माणसाने दार उघडले. आतून गार हवा आली, मंद संगीत आले. अश्लेषा माझ्यावरून उतरू लागली.

“दादा, गाव कुठलं तुमचं?” तिने आईच्या सवयीने विचारले.

“गाँव-वाँव छोड़ो यार.”

“आणि कुलदैवत?”

“क्या?”

“फोनवर तर मराठीत लिहिता.”

“वो तो मोबाइल लिख देता है,” तो हसला. “बैठो. फ़ोन इधर दो.” आणि त्याने तिचे मनगट धरले.

तिने हिसडा दिला, पायडल मारले. एरवी मी तिसऱ्या खेपेस जागी होते. त्या क्षणी पहिल्याच पायडलला गर्जले. मोटार मागे लागली. भाजीच्या दोन ठेल्यांमधून आम्ही अरुंद गल्लीत शिरलो. मोटार बाहेरच अडकली. पोलीस चौकीपुढेच मी श्वास घेतला.

अश्लेषाचा फोन जाताच चित्राताई धावत आल्या.

“आई, ओरड ना मला.”

“तुला काय ओरडू? मराठी बोलला की आपला, हे मीच शिकवलं तुला.”

दोघींनी मिळून ते सारे संदेश पोलीसबाईंना दाखवले.

मित्रांनो, जुन्या यंत्राची निगा राखा. ते संकटी धावून येते. आणि जो गोड बोलून ‘घरी सांगू नकोस’ म्हणेल, त्याचे बोलणे त्याच दिवशी घरी सांगा. रागावतील या भयाने थांबू नका.