डाव्या पंखाची पट्टी

"चहा डाव्या हातानं का पिताय, साहेब?" विल्फ ऑर्मरॉडनं विमानाच्या पंखाखालूनच विचारलं.

डेनम नुकताच उतरला होता. बावीस वर्षांचं पोर, पण वैमानिक, म्हणजे साहेबच. "उजव्याला कंटाळा आलाय," तो हसून म्हणाला.

विल्फ काही हसला नाही. युद्धाआधी वीस वर्षं त्यानं रॉचडेलच्या गिरणीकामगारांना लाकडी तळाचे बूट करून दिले होते. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की त्याचा कुठला पाय दुखतोय हे त्याला आधी कळायचं, आणि तो लपवतोय हेही कळायचं. आता केंटमधल्या या हवाई तळावर तो मेकॅनिक होता आणि देखभालीला त्याच्याकडे एकच विमान होतं, डेनमचं.

"खांदा ना?"

डेनमनं इकडंतिकडं पाहिलं. "मोटरसायकलवरून पडलो होतो हो, गेल्या वर्षी. एरवी काही नाही. पण सूर मारला, वेग वाढला, की विमान वळवायचा दांडा भिंतीत चिणल्यासारखा होतो. डावीकडे ओढता येतो कसाबसा. उजवीकडे ढकलायला गेलो की जीवच जातो. डॉक्टरला कळलं तर कायमचा खाली बसवेल मला."

"बसवू दे की! जिवंत तरी राहाल."

"आणि माझ्या जागी वर कोण जाईल? तो परवा आलेला पोरगा? त्याला अजून दाढी नाही, विल्फ."

विल्फनं पंखाच्या टोकाकडे पाहिलं.

दांडा हलवला की दोन्ही पंखांच्या टोकांकडच्या फळ्या वरखाली होतात आणि विमान कुशीवर वळतं. वेग वाढला की वारा त्या फळ्या अशा दाबून धरतो, की भल्या पैलवानालाही घाम फुटावा. पण फळीच्या मागच्या काठाला बोटभर रुंद पत्र्याची पट्टी असते. डाव्या पंखाची पट्टी जराशी वर वाकवली, तर तिच्यावरचा वारा ती फळी खाली ढकलतो, डावा पंख उचलला जातो आणि विमान उजवीकडे कलतं. वेग जितका जास्त, तितका त्या एवढ्याशा पट्टीचा जोरही जास्त. नियम मात्र साधा होता. हात सोडले तरी विमान सरळ उडलं पाहिजे.

विल्फनं दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं खाचेची पकड लावून डावी पट्टी केसभर वर वाकवली, आणि वहीत 'विमान सरळ उडते' असं लिहून सही ठोकली. जन्मात पहिल्यांदा त्यानं खोटी सही केली होती.

डेनम उडून आला तो उड्या मारतच. "आपणहून उजवीकडे जातंय हो! सरळ उडताना जरा डावीकडे ओढून धरावं लागतं, पण ओढायला आपली ना नाही." मग त्यानं उजव्या हातानं चहाचा पेला उचलला आणि विल्फसमोर मुद्दाम मिरवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच आठवडे ती झाकलेलीच राहिली.

मग एका शनिवारी डेनमचं विमान शेपटीला भोकं घेऊन आलं आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलं. दुपारी हल्ल्याचा भोंगा झाला. डेनमला दुसरा मेकॅनिक पर्सी ब्लॅमायर याच्या देखभालीतलं विमान मिळालं. तळावर एक रीत होती, दुसऱ्याच्या विमानाला हात लावायचा नाही. तरी विल्फ खिशातली पकड घट्ट धरून धावत गेला.

"पर्सी, ती डावी पट्टी जरा..."

"काय झालं तिला? कालच साहेबांनी उडवून पाहिलंय. काट्यावर तोलल्यासारखं सरळ आहे माझं विमान."

दोन मिनिटांचं काम होतं. पण का, ते सांगावं लागलं असतं, आणि सार्जंट चार पावलांवर उभा होता. विल्फनं वर पाहिलं. पट्टे आवळून बसलेल्या डेनमनं मान हलवली. नको.

विल्फ बाजूला झाला.

बारा विमानं गेली, अकरा आली. डेनमच्या शेजारी उडणारा वैमानिक गवतात बसून सांगत होता. "शत्रू पाठीवर बसला होता त्याच्या. मी घसा फोडून ओरडलो, उजवीकडे वळ, उजवीकडे! तर हा बाबा डावीकडे वळला. तिकडे त्यांचा दुसरा होताच. असं का केलं असेल यानं?"

विल्फला माहीत होतं. ते एवढं माहीत होतं, की त्याला तिथं उभं राहवेना.

मंगळवारी डेनमचं विमान दुरुस्त होऊन आलं आणि त्या बिनदाढीच्या पोराला मिळालं. अर्ध्या तासात तो खाली आला.

"अहो, हे उजवीकडे ओढतंय! याच्याकडे कुणी बघत होतं की नाही?"

"माझी चूक, साहेब. आत्ता करतो."

पर्सी जवळ आला. तीन दिवस त्यानंही विचार केला असावा, कारण त्याचा आवाज उतरलेला होता. "दे इकडं, विल्फ. मी करतो सरळ."

"नको. दुसऱ्याच्या विमानाला हात लावायचा नाही."

त्यानं पट्टीवर अंगठा टेकवला. तो केसभर बाक तळावर त्याच्याशिवाय कुणाच्याच बोटाला लागला नसता. थोडा वेळ अंगठा तिथंच राहिला. मग त्यानं पकड लावली, पट्टी सरळ केली, आणि वहीत लिहिलं, 'विमान सरळ उडते.'

खाली सही केली. या खेपेला ती खरी होती.